राजसबाईची बादली, दिग्दर्शन : मकरंद चिरमुले

३ मार्च, सोमवार
डायरेक्टर झालो! चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या आमच्या गेम कंपनीचे मालक वेंकटसर, त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. ‘राजसबाईची बादली’ हा हातातल्या छोट्या मशीनवरचा बावीस वर्षांपूर्वीचा गेम. तो नव्या हँडहेल्डसाठी पुन्हा करायचा. एक स्वयंपाकीणबाई सांबाराची बादली घेऊन लग्नाच्या पंगतीपर्यंत चालत जाते. घाई केली की सांडतं. बटणं दोन. चाला, थांबा. यावर लोक वेडे होते म्हणे!

शेवटी नावं येतात. पहिलं माझं येणार. बायकोने, निधीने, लगेच नाशिकला तिच्या बाबांना फोन लावला. सासरे पीडब्ल्यूडीतून रिटायर्ड. माझा उद्योग म्हणजे त्यांच्या मते पोरखेळ. म्हणाले, पडद्यावर नाव दिसेल तेव्हा मानू. म्हटलं, बघाच.

६ मार्च, गुरुवार
गेमचे मूळ कर्ते अप्पाजी, त्यांच्याकडे मैलापूरला गेलो. तंजावरी मराठी, रेल्वेत क्लार्क होते. बोलणं थेट शिवकालीन, मध्येच तमिळ ‘सरी सरी’, म्हणजे बरं बरं. कॉफी फर्स्ट क्लास. हक्क दिले. अट एकच, बाईची चाल बदलायची नाही. शब्द दिला. एवढ्याशा अटीला कोण नाही म्हणेल?
निश्चय : रोज अर्धा तास मूळ गेम खेळायचा.

७ मार्च, शुक्रवार
अकरा मिनिटं खेळलो. सांडलं. गेममध्ये दोष आहे.

२४ मार्च, सोमवार
बाईचं वय साठावरून पंचवीसवर आणलं. नाव नुसतं ‘राजस’. चाल तीच, फक्त गुडघे चांगले. आमची प्रोग्रॅमर नित्या, बोलते कमी, बघते फार. ती म्हणाली, सर, मग ही एवढी हळू का चालते? मुद्दा बरोबर. पळू दिलं. पळणं ऐच्छिक आहे, म्हणजे शब्द मोडलेला नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
पळाली की सांडतं. बादलीला झाकण लावलं. आता काहीच सांडत नाही. त्यामुळे गेममध्ये करायलाही काही उरलं नाही.
दुपारी जेवणानंतर सुचलं. दरोडेखोर!

१६ एप्रिल
दरोडेखोर आले म्हणून तलवार आली. ओघानेच आलं. सांबारासाठी दरोडा पटत नाही असं नित्या म्हणाली, म्हणून सांबाराच्या जागी चमकणारं हिरवं द्रव्य. परदेशातही चालेल.

८ मे, गुरुवार
एका हातात तलवार, दुसऱ्यात बादली. राजस वळताना अडखळते. बादली पाठीवर बांधली, तर ती घरोघर गॅस पोचवणाऱ्यासारखी दिसायला लागली. शेवटी बादली काढलीच. सुरुवातीला दोन सेकंद कोपऱ्यात दिसते. भावना महत्त्वाची. पत्र्याचं काय घेऊन बसायचं?
मूळ गेम खेळायचा राहतोय. सोमवारपासून नक्की.

१७ जून, मंगळवार
अप्पाजींचा फोन. उद्या बघायला येतो म्हणाले. मेलो!
पण नित्याने तुलनेसाठी म्हणून जुना गेम जसाच्या तसा नव्या मशीनवर चालवून ठेवलाय. नुसती चित्रं स्वच्छ केलीत. तोच दाखवू. म्हातारा मागे बसून स्क्रीनवरचं सगळं वाचतो, म्हणून त्या फोल्डरला मी स्वतः नाव दिलं, ‘फायनल’. एका अर्थाने खोटं नाही.

१८ जून
अप्पाजी दोन तास खेळले. डोळे पुसले. म्हणाले, शब्द पाळलात. मी म्हटलं, त्यात काय एवढं. नित्या माझ्याकडे बघत होती. हल्ली फारच बघते.

२१ जुलै, सोमवार
माझा गेम तयार! पाठवूया म्हटलं, तर वेंकटसर म्हणाले, तमिळ आडी महिना आहे, आडीत शुभकार्य नाही. पुढचा आवणी महिना लागला की शुक्रवारी, राहुकाळाच्या आधी, म्हणजे साडेदहाच्या आत. मी कट्टर बुद्धिवादी. स्पष्ट सांगणार होतो. पण पगार त्यांचा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
नऊची पूजा. शास्त्री ट्रॅफिकमध्ये अडकले, उगवले दहा दहाला. कॉम्प्युटरला कुंकू, चंदन, हार. वेंकटसर घड्याळ बघून किंचाळायला लागले. नित्या म्हणाली, सर, मी एकदा तपासून पाठवते. छट्! बटण डायरेक्टरच दाबणार. समोर तीन फोल्डर, ‘राजस नवा’, ‘राजस नवा दोन’ आणि ‘फायनल’. दहा सत्तावीसला ‘फायनल’ पाठवला. तीन मिनिटं राखून! कापूर, टाळ्या, प्रसादाला रवा केसरी.
नंतर नित्या म्हणाली, फाइल फार छोटी गेली सर. म्हटलं, याला कौशल्य म्हणतात.

९ सप्टेंबर, मंगळवार
मशीनवाल्यांकडून मंजुरी! एकही चूक नाही. नित्याने विचारलं, सर, तुम्ही नेमका कुठला फोल्डर पाठवला होता? म्हटलं, पास झालेल्या पेपरवर शंका घ्यायची नसते. ती पाणी प्यायला गेली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
गेम बाजारात! धो धो कौतुक. एकाने लिहिलंय, ‘काहीही न बदलण्याचं धैर्य.’ कळलं नाही. तलवारीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. जळतात.

दुपारी ३
स्वतः उघडून बघितला. साठीची बाई. हातात बादली. चाला, थांबा.

संध्याकाळी ६
वेंकटसरांना सगळं सांगून टाकायला गेलो. त्यांनी आधीच मिठी मारली. म्हणाले, काय संयम आहे तुझा! विचार केल्यावर पटलं. मला पहिल्यापासून हेच करायचं होतं. काय टाळायचं ते कळायला आधी करून बघावंच लागतं.

२० सप्टेंबर, शनिवार
नाव! माझं नाव आहे का त्यात? शेवटी काय येतं ते मला माहीत नाही, मी तिथवर कधी पोचलोच नाही. सकाळपासून खेळतोय. सांडतंय. नित्याला फोन करून म्हटलं, गुपचूप एक अपडेट टाक, नाव घाल. तिने वेंकटसरांना विचारलं. ते म्हणाले, लोक जुन्यासाठीच नाचताहेत, एका अक्षरालाही हात लावायचा नाही. आणि पुढच्या जुन्या गेमला नित्या एकटी पुरे, डायरेक्टरची गरज दिसत नाही, असंही म्हणाले. गमतीत म्हणाले असावेत.

२१ सप्टेंबर, रविवार
सासऱ्यांनी गेम पहिल्याच दिवशी घेतला होता. आज शेवटपर्यंत पोचले. फोन आला, निधीने स्पीकरवर टाकला. शेवटी दोनच नावं येतात म्हणाले. गेम, अप्पाजी. सांबाराची कृती, त्यांच्या सौ. गोदा. म्हणाले, रिटायर झाल्यापासून एवढा आनंद झाला नव्हता, याला म्हणतात काम. अप्पाजींचा नंबर मागितला, चेन्नईला आले की त्यांना भेटायचंय. निधीने दिला.

मग त्यांनी विचारलं, जावईबापूंचं यात काय होतं? निधी माझ्याकडे बघत राहिली. ती म्हणाली, ते ऑफिसला जात होते बाबा. रोज जात होते.