पडवीतले दहा दिवस

अप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली. इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं पुष्कळदा वाटलं, पण दर वेळी मनात यायचं की आधी ती एक गोष्ट सांगावी लागेल, मग बाकीचं. म्हणून गप्पच राहिले. आज लिहायला बसले आहे.

तुम्ही एसटीत कंडक्टर, त्यात लांबच्या गाडीवर, त्यामुळे घरी असायचात म्हणजे झोपलेले असायचात. सुरतेला गाडी घेऊन जायचं, तिथे मुक्काम, परत यायचं, एक दिवस आराम की पुन्हा ड्यूटी. यांचा संसार डेपोशी झालाय, असं आई म्हणायची. माझी तुमच्याशी ओळख होती ती खाकी शर्टाच्या वासाची आणि तुमच्या बरळण्याची. झोपेतसुद्धा तुम्ही लोकांना पुढे सरकायला सांगायचात.

मी चौदा वर्षांची होते त्या वर्षी गणपती उठले आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. अकोल्याच्या स्टँडवर लोक तोंडाला रुमाल बांधून उभे राहू लागले, शाळेला सुट्टी मिळाली. तुमची गाडी खचाखच भरून आली आणि त्यानंतर ती फेरीच बंद झाली. सरकारी दवाखान्यातून कॅप्सूलची पाकिटं घेऊन तुम्ही घरी आलात ते दारातच थांबलात. आई पुढे झाली तर तिला हातानेच अडवलंत. ‘‘आत येत न्हाई मी. धा दिवस पडवीतच ऱ्हातो. पोरीला लांब ठिव,’’ म्हणालात आणि स्वतःच खाट ओढून घेतलीत.

आईला मात्र सणच झाला. उंबऱ्याच्या आत ती, पलीकडे तुम्ही, मध्ये चार हात जागा. ती तांदूळ निवडत बसायची आणि तुम्ही तिला पंधरा वर्षांचं साठलेलं सांगायचात: कुठल्या घाटात गाडी बंद पडली, कोणत्या बाईला गाडीतच कळा सुरू झाल्या. आई एवढ्या मोठ्याने हसते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुम्ही ओठ हलवत पेपर वाचता, पिशवीचा तुटलेला पट्टा स्वतः शिवता, हेही तेव्हाच कळलं. पहिले तीन दिवस मी आईच्या मागे बसून ऐकत होते. तुम्ही मला वहीत नकाशा काढायला लावलात आणि सुरतेपर्यंतचा एकेक थांबा तोंडपाठ सांगितलात. ही साथ अशीच राहिली तर बरं होईल, असं मला वाटलं. तिकडे माणसं मरत होती, असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

चौथ्या दिवशी आई दळण घेऊन गिरणीत गेली आहे. तुम्ही पाणी मागता. मी ओढणी तोंडावर बांधते, तांब्या भरून आणते आणि उंबऱ्यात उभी राहून वरून धार धरते. तुमची ओंजळ आपोआप होते. एक घोट घेता न घेता तुम्ही हात सोडता. पाणी फरशीवर सांडतं आणि तुम्ही ओल्या हातांकडे बघत राहता. मला कळत नाही माझं काय चुकलं.

‘‘वरून नको वतू,’’ तुम्ही म्हणालात. आवाज चढलेला नव्हता. ‘‘माजा बाप पाटलाच्या दारात असाच पानी प्यायचा. मी बी प्यालोय, तुझ्यापेक्षा लहान हुतो. आपन धर्म बदलला त्यो ह्याच्यासाटीच. तांब्या खाली ठिव आन् मागं सर, मी उचलून घेतो. तेवढं लांब चालंल.’’

धर्मांतराच्या गोष्टी तुम्ही आम्हाला पुष्कळ सांगितल्या होत्यात, ही कधीच सांगितली नव्हती. मी तांब्या ठेवून मागे सरकले. मग तुम्ही विचारलंत, ‘‘ह्ये तुला कुनी शिकवलं?’’

शाळेत, असं मी म्हणाले. साथ आलीय म्हणून बाईंनी सांगितलंय. तुम्ही मान हलवलीत आणि शाळा उघडली की बाईंना भेटायला येतो म्हणालात.

उरलेले सहा दिवस मी तुम्हाला चुकवलं. तुम्ही उठायच्या आत तांब्या भरून ठेवायचा आणि स्वयंपाकघरात पळायचं. तुम्ही नकाशा बघायला मागितलात तर तो आईच्या हाती पाठवला. पोर घाबरली आहे, असं आईला वाटलं. तुम्हालाही तेच वाटलं असणार, कारण तुम्ही खाट आणखी दोन हात मागे सरकवलीत. ते मी खिडकीतून पाहिलं आणि तरी बाहेर आले नाही.

अकराव्या दिवशी तुम्हाला नाशिकच्या गाडीवर ड्यूटी लागली आणि शाळेत यायचं राहूनच गेलं. पुढे तुम्ही सहा वर्षं होतात, पण सलग दहा दिवस घरी कधीच नव्हतात. रिटायर झाल्यावर हे करू, ते करू म्हणायचात आणि त्याला दोन वर्षं उरली असतानाच गेलात. मला मिळाले ते तेवढेच दहा दिवस, आणि त्यातले सहा मी माझ्या हाताने घालवले. याचं मला फार वाईट वाटतं.

बाईंनी आम्हाला असलं काही सांगितलं नव्हतं, अप्पा. माझ्या एका मैत्रिणीकडे टीव्ही होता, दर रविवारी आम्ही चार-पाच जणी तिच्याकडे जायचो. तिची आजी बाकीच्यांना पेल्यातून पाणी द्यायची आणि मला अंगणात उभं करून वरून. साथ यायच्या दोन वर्षं आधीपासून. माणसाला लांबून पाणी द्यायचं तर माझ्या हातांना तेवढी एकच रीत माहीत होती. ते माझ्याच वाट्याला का, हे मी स्वतःला कळूच दिलं नव्हतं. पडवीत तुम्ही बोललात तेव्हा कळलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही माझं तिथे जाणं बंद केलं असतंत, म्हणून बाईंचं नाव घेतलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तर एवढंही लिहिते. तुमची ड्यूटी सुरू झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी मी परत तिकडे गेले. आजीने तांब्या आणला आणि मी ओंजळ पुढे केली.