आठ ओळींपुरता डीजे बंद

३ एप्रिल
डोकं फिरलंय. प्रफुल्लने नवा बीट पाठवला. धडाम-धडाम-धडाम, मग शिट्टीसारखं काहीतरी वर वर चढत जातं, आणि परत धडाम! रॅप कुठे घालू ह्यात? श्वास घ्यायला जागा नाही. फोन केला तर म्हणतो, "तुम्ही हिपहॉपवाले म्हणजे कायम नाक वर! जयंतीची मिरवणूक आहे, लोकांना नाचायचंय गं." दोन वर्षं ट्रॅक बनवतोय आम्ही. तो बीट, मी शब्द. आता साहेब डीजेवाले झाले!

५ एप्रिल
गाण्यात आठ ओळी मी पप्पांवर लिहिल्यात, हे प्रफुल्लला माहीत आहे. त्यांची भीमगीतांची गायन पार्टी नायगाव-परळमध्ये गाजायची. एक शब्द चुकला तर समोरची म्हातारी माणसं टोकायची, इतकं कान देऊन ऐकायचे लोक. मग मिरवणुकीत डीजे आला आणि पार्टी बसली. पेटी पोटमाळ्यावर गेली. तेव्हापासून पप्पा जयंतीला सकाळी वंदनेला जातात, बाबासाहेबांना हार घालतात आणि घरी येऊन दार लावून बसतात. आणि त्यांच्यावरचे शब्द मी त्याच धडाम-धडाममध्ये बुडवू? अजिबात नाही!

६ एप्रिल
झोप नाही. प्रफुल्लशी बोलणं नाही.

९ एप्रिल
मंडळाचे कोंडीराम काका तोंडावर बोलले — "पोरी, मिरवणुकीत डीजेवर चालेल तेच लागणार. तुझं ते बोलायचं गाणं पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी आमची चाळ तरी असेल का? ती पाडून टॉवर होणार, सगळे वेगवेगळ्या मजल्यांवर. पप्पांना ह्याच लोकांसमोर ऐकवायचंय मला. ह्याच वर्षी.

१० एप्रिल
गेले शेवटी प्रफुल्लकडे. म्हटलं, "लाव तुझा बीट. पण पप्पांवरच्या आठ ओळींना सगळं बंद. नुसता माझा आवाज."
"चालत्या मिरवणुकीत? रिस्क आहे हां."
असू दे!

१३ एप्रिल
पप्पांना सांगितलं, उद्या खाली या, माझं गाणं आहे. "डीजेवर?" एवढंच विचारलं आणि पेपरात तोंड घातलं.

१४ एप्रिल
पप्पा उतरले! निळा फेटा बांधून! आणि बीट सुरू झाल्यावर चक्क नाचायला लागले — एक हात वर, एक कोंडीराम काकांच्या खांद्यावर. मी डीजेच्या टेम्पोला धरून उभी. मग त्यांच्यावरच्या आठ ओळी आल्या. सगळं बंद, नुसता माझा आवाज, तोही गर्दीच्या गलक्यात बुडाला. लोकांना वाटलं जनरेटर गेला. "ए, काय झालं? लाव रे डीजे!"
सगळ्यात मोठ्याने पप्पा ओरडत होते.