तिचं ‘हव’

मंगळवार, संध्याकाळ

तिच्या भावानं पंडरीच्या भर बाजारात माझी कॉलर धरून तिला विचारलं, “हा पोट्टा तुले त्रास देते का?” आणि ती खाली पाहून “हव” म्हणाली, तेव्हाच सगळं बदललं. मग त्यानं मारलं. वळ गेले, कॉलेज सुटलं, ते ‘हव’ जात नाही. मराठीत ‘हो’ म्हणाली असती तर निदान घरीच ऐकू आलं असतं. हव तर या रायपुरात पानवालाही म्हणतो! ऐकलं की मान तापते, हात आपोआप डोक्यावर जातात. प्रेम करून राहिलो होतो मी. त्रास कुठं?

ताई नर्स आहे. म्हणते, “मार संपला हे तुझ्या मेंदूले अजून समजलं नाही रे. वेळ लागते.”

आज चहाच्या टपरीवर तिचा भाऊ भेटला. नुसता केस सारायला हात उचलला त्यानं, आणि मी सगळ्यांसमोर डोकं झाकलं.

“काहून बे, अजून भेऊन राहिला?”

सगळे हसले.

आता तो ब्राह्मणपाऱ्यात घरी असेल. आज डोकं झाकायची पाळी त्याची. तीही पाहील. तिनं पाहिलंच पाहिजे. मूठ वळून पाहतो. ताई विचारून राहिली, “कुठं चालला?” निघतो, दार बाहेरून ओढून घेतो.