मानाचा पहिला पेला

पनवेल, शुक्रवार संध्याकाळ

उरणच्या हरेशला मी व्यसनमुक्ती केंद्रातून रजा नाकारली. परवा त्याच्या भाचीची हळद, तिथे दारू असणारच. आता तो बॅग भरून बसलाय. उपचार अर्धवट सोडून जाईल. आम्ही त्याला 'नको' म्हणायला शिकवलं. पण कुणाला म्हणायचं, हे विचारलं का मी?

त्याची बायको म्हणाली, "मानाचा पयला पेला सासरं देतान. बापाला नाय कसा बोलंल, मॅडम? तुमी बोलाल काय?"

नसते बोलले.

हरेशच्या वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "मी पेला नाय दिला तर पोराला वाटंल, बापानं टाकला."

म्हणजे दोघंही एकमेकांचं मन राखायला तो पेला धरणार. सकाळी दोघांना समोरासमोर बसवते. तोवर हरेश थांबला पाहिजे.