हात धरा, म्हणाल्या मॅडम

प्रिय बाबा,

आज माझ्या कॉलेजातल्या त्या मॅडम माझ्यासमोर शिकायला बसल्या होत्या, म्हणून लिहितेय. नर्सिंगच्या शिक्षकांनी सरावाच्या, माणसाएवढ्या पुतळ्यावर कसं शिकवायचं, ते आता मी शिकवते. तुमची उमरेडची पोर, घरातली पहिली पदवीधर!

आमच्या कॉलेजातही असा पुतळा होता, आठवतं? प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात. कॉलेजची तपासणी आली की बाहेर. किल्ली मॅडमकडे. मी सांगितलं तेव्हा मागावर बसल्या बसल्या हसलात. "बाहुली कपाटात, अन् शिकाले जिता माणूस? मी तं नवशिक्याले आधी खराब सूतच देतो वं!"

मग तुम्हालाच लकवा मारला. गिळता येईना. नागपुरात, आमच्याच वॉर्डात, माझ्या वर्गातल्या मुलीने तुमच्या नाकातून नळी घातली. आयुष्यात पहिल्यांदा. नळी पोटात न जाता श्वासनलिकेत गेली. तुम्ही खोकलात, हात वर केलात.

"हात धरा त्यांचा," मॅडम म्हणाल्या. नळी तपासली नाही. तिला तसंच नळीतून दूध सोडायला लावलं.

हात मी धरला, बाबा. मीच! काहून नाही ओरडले मी?

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. "वय झालं होतं," मॅडम म्हणाल्या.

आज मुद्दाम तोच प्रसंग मांडला. एक शिक्षिका नळी घालणारी, मॅडम शिकवणाऱ्या. मी बटण दाबलं, पुतळा खोकला.

"हात धरा!" मॅडम म्हणाल्या. तोच आवाज!

नंतरच्या चर्चेत शिकणाऱ्याला रागवायचं नाही, फक्त विचारायचं, असा आमचा नियम. मी पाळला. प्रसंगाचं रेकॉर्डिंग तीनदा लावलं आणि विचारलं, "मॅडम, या पुतळ्याचा हात हलतच नाही. मग कोणाचा धरायला सांगितला?"

त्यांचा चेहरा उतरला. "तू माझीच विद्यार्थिनी ना?"

"हो. तुमच्याकडूनच शिकले."

त्यांना तुम्ही आठवत नाही, बाबा. आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. रागावलात? रागवा!

पण शब्द देते. उद्या पुन्हा तोच प्रसंग, परवाही तोच. "थांबा, आधी नळी तपासा," हे त्यांच्या तोंडून आपोआप निघेपर्यंत मी त्यांना सोडणार नाही. आणि ज्या दिवशी निघेल ना, त्या दिवशी त्यांना तुमचं नाव सांगेन.

तुमचा हात धरणारी,
शुभी