एका दिव्यात काढलेला फोटो

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फोटोग्राफर, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने वा भरीस पडून नव्हे, तर पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांनी माझ्या फुप्फुसांना नावे ठेवली आहेत, डोक्याला नाही. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा.

१. माझा वंशगट. हे कलम आधी घेतो, कारण गट लिहिल्याशिवाय इथे माणसाला मरताही येत नाही. माझी आई एका वंशाची, वडील निराळ्या; घरात भांडणे दोन्ही भाषांत होत. सरकारने वंशनोंदणी आणून माणसांचे वरून खाली एक ते चार असे गट पाडले तेव्हा मला दुसऱ्या गटात घातले. पुढे चाळीस वर्षे मी नोंदणी कचेरीसमोरच्या दुकानात लोकांचे कार्डाचे फोटो काढले. आतल्या कारकुनाला आम्ही भिंगवाला म्हणत असू. तो माणसाकडे बघतच नसे. फोटोवर भिंग धरायचा, नाक-केस-रंग बघायचा आणि शिक्का मारायचा.

२. माझी चूक. मला जुळी मुले, एक मुलगा आणि एक मुलगी. सातव्या वर्षी दोघांची नोंदणी आली. मुलाचा फोटो दोन दिव्यांत काढला. मुलगी स्टुलावर बसली आणि डावा दिवा उडाला. बाहेर रांग लागली होती. गिऱ्हाईक असते तर बल्ब बदलून पुन्हा काढला असता. घरचीच पोर म्हणून चालवून घेतले. तिचा अर्धा चेहरा काळोखात गेला. मुलाला दुसरा गट मिळाला, मुलीला चौथा.

मी तक्रार घेऊन गेलो. भिंगवाला म्हणाला, “फोटो तुम्हीच काढलाय ना? मग तक्रार कुणाविरुद्ध लिहू?” शिवाय त्याने बजावले की फाईल उघडली तर साऱ्या घराची उघडेल आणि मुलगाही खाली येईल. इकडे आड, तिकडे विहीर. मी गप्प बसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या गटाच्या बापाला चौथ्या गटाची मुलगी असू शकत नाही, असा नियम आहे. म्हणून तिच्या कार्डावर वडिलांच्या रकान्यात रेघ मारली गेली. मोठी झाल्यावर ती माझ्या घरात घरकामाच्या परवान्यावर राहिली. परवाना दरवर्षी नवा करावा लागे, आणि मालक म्हणून सही मीच करीत असे. तिची आई गेली तेव्हा तिला रजेचा अर्ज लिहावा लागला. मंजूरही मीच केला.

३. राहते घर. प्रत्येक गटाची वस्ती वेगळी; दुसऱ्या वस्तीतले घर दुसऱ्या गटाच्या वारसालाच जाते. मी गेल्यावर आठ दिवसांत मुलीचा परवाना संपला असता आणि ती रस्त्यावर आली असती. म्हणून यंदा मी स्वतःच चौथ्या गटात जाण्याचा अर्ज केला. वर चढायला पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरावे लागतात. खाली उतरायला एक फोटो पुरतो. तो मुलीने काढला, एक दिवा मालवून. काढताना ती मला हलू नका म्हणून दटावत होती.

घर सरकारजमा झाले. बदल्यात चौथ्या वस्तीत जिन्याखालची ही खोली मिळाली. ही खोली मी मुलीला देतो. तिच्या कार्डावर आता माझे नाव आहे.

वडिलांच्या रकान्यातली रेघ आता मुलाच्या कार्डावर गेली. तो दुसऱ्या गटाच्या शाळेत गणित शिकवतो. त्याचे घर, नोकरी शाबूत आहे. अर्जाआधी मी त्याला विचारले होते. तो म्हणाला, “तिला द्या, बाबा. पण मी तुमच्याकडे काय म्हणून यायचं?”

४. कॅमेरा आणि दोन्ही दिवे मुलीला. घरच्या माणसांचे फोटो तिने दोनदा काढावेत. भिंगवाला जिवंत असेल तर जुळ्यांच्या दोन्ही निगेटिव्ह त्याला पोचवाव्यात. त्याला आता भरपूर फुरसत असेल. मुलाला मी काही ठेवू शकत नाही, कारण गटाबाहेर वारसा जात नाही. म्हणून माझे घड्याळ हयातीतच त्याच्या मनगटावर बांधले. त्याने ते काढून मोज्यात लपवले, वस्तीच्या फाटकावर झडती होते म्हणून.

५. साक्षीदार. कायद्याने नातेवाइकाची साक्ष चालत नाही. शेजारचा प्लंबर तयार झाला. दुसरा कोणी मिळेना. या जिन्यावर कागद दिसला की दारे लागतात. आज मुलगा भेटीचा पास काढून आला. त्याने मृत्युपत्र शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाला, “पेन द्या. माझी आता चालते.”

स्थळ: चौथी वस्ती, जिन्याखालची खोली
दिनांक: गट बदलल्यापासून अकरावा दिवस

लिहून ठेवणार: फोटोग्राफर (सही)

साक्षीदार पहिला: प्लंबर, चौथा गट (सही)
मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: शेजारी

साक्षीदार दुसरा: गणित शिक्षक, दुसरा गट (सही)
मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: काही नाही