डाव्या स्पीकरची वायर

बाबा, तुमचे ते दोन स्पीकर आता माझ्याकडे आहेत. धाकट्याने मुलुंडची जागा सोडली तेव्हा सरळ फोन केला, "ताई, नेतेस का बोल, नाहीतर भंगारवाल्याला देतो." मी टेम्पो करून घाटकोपरला आणले. आतल्या पडद्यांच्या कडेचा फोम कुजून भुगा झाला होता, तो बदलून घेतला. वायर मात्र मी स्वतः जोडल्या. लाल ती लालला, काळी ती काळीला. चष्मा लावून दोनदा तपासलं. तुम्ही एकदा जरी तपासलं असतंत तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

अंधेरीचा तुमचा रेकॉर्डिंगचा गाळा मला अजून जसाच्या तसा दिसतो. भिंतींना गोणपाट, त्यामागे कापूस, रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, आणि वरून विमान गेलं की गायकापासून तबलजीपर्यंत सगळे गप्प थांबलेले. जहाजावरच्या तुमच्या मित्राने ते स्पीकर परदेशातून आणले तेव्हा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आई म्हणाली, "माणसं बोरिवलीला खोली घेतात, यांनी दोन खोकी घेतली." तुम्ही रागावलात की मालवणीत बोलायचात, तसे बोललात, "ह्ये खोटा बोलूचे नाय." बाकीचे स्पीकर कानाला गोड वाटावं म्हणून बनवतात, हे मात्र जसं आहे तसं ऐकवतात, ऐकणाऱ्याला आवडो न आवडो, असं तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला समजावायचात. लोकही गाळ्यात शिरताना चपला बाहेर काढायचे. घरात आमचा विनोदच झाला होता. डब्यातला लाडू कोणी संपवला यावर भांडण झालं की धाकटा म्हणायचा, स्पीकरला विचारा.

त्या दसऱ्याला तुम्ही ते स्टँडवरून खाली उतरवलेत, पाटावर ठेवलेत, झेंडूचे हार घातलेत. हळदकुंकू मीच लावलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते परत वर चढवलेत आणि वायर जोडल्यात. दुसऱ्या कोणाला तुम्ही हात लावू देत नव्हतात.

पुढच्या गुरुवारी दादरचे ते गाईड छापणारे प्रकाशक आले. दहावीचे धडे आणि कविता त्यांना कॅसेटवर काढायच्या होत्या, आणि वाचायला एक आवाज हवा होता. बाबा, मला दुसरं काही नको होतं. नोकरी, लग्न, सगळं त्याच्यामागून. कॉलेजात वक्तृत्वाची ढाल दोनदा मिळवली होती, आणि जिल्ह्याजिल्ह्यातली मुलं माझ्या आवाजात कविता ऐकतील, एवढंच डोक्यात होतं. मी काचेच्या आत बसून एक धडा आणि एक कविता वाचली. बाहेर आले तेव्हा प्रकाशक कानांवरचे हेडफोन काढून मान डोलवत होते, म्हणाले, बरा वाटतोय की आवाज. तुम्ही म्हणालात, "माणसाला बरा वाटतो. आता यातून ऐका." आणि टेप लावलीत.

ऐकू आलं ते मला आजही आठवतं. कोणीतरी शेजारच्या खोलीत, तोंडावर फडकं धरून बोलतंय असं. पोकळ. कुठून येतोय ते कळत नाही, समोरून नाहीच. प्रकाशकांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, त्यांनाच म्हणालात, "आवाजात वजन नाही. माझी मुलगी आहे म्हणून मी खोटं सांगणार नाही." किती ताठ मानेने म्हणालात. मलासुद्धा त्या क्षणी तुमचा अभिमान वाटला होता. ते म्हणाले, सोमवारी कळवतो. टेपची एक कॅसेट करून तुम्ही माझ्या हातात दिलीत. ती मी कपाटात साड्यांखाली ठेवली.

शनिवारी तुम्ही दुपारीच घरी आलात. मी पोळ्या लाटतेय आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे. पोळी तव्यावर फुगते, उतरते, दुसरी पडते, तरी तुम्ही उभेच. मग खिशातून एक पेन काढलंत, नवं, हिरवं, शाईचं. म्हणालात, "बी.एड. कर. मास्तरणीला लागेल." मला वाटलं, बापाचा जीव तुटतोय. सोमवारी प्रकाशकांनी दुसऱ्या बाईंना घेतलं. मी बी.एड. केलं. तेहतीस वर्षं शिकवलं, शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून, आणि त्या पेनाने किती वह्या तपासल्या त्याला गणती नाही. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज बिनमाईकचा जायचा. तरी शाळेच्या कुठल्याही समारंभात मी माईक हातात घेतला नाही. सूत्रसंचालन दुसऱ्या कोणाला तरी द्यायचे.

तुम्ही गेलात तेव्हा तुमचे तबलजी भेटायला आले होते. रडारड नको म्हणून जुन्या गमती सांगत बसले. म्हणाले, एका शनिवारी भजनाचं रेकॉर्डिंग होतं, आणि स्पीकरवर ऐकतो तर माझा डग्गाच गायब. तुझे बाबा म्हणतात, तुझा हात हलका पडतोय, हे स्पीकर चुकत नाहीत. "मी म्हटलं, हात माझा आहे, मला माहितीय किती पडतो. आधी मागे बघा." तेव्हा तुम्ही मागे वाकून पाहिलंत, तर डाव्या स्पीकरची वायर उलटी. दसऱ्यापासून. एका स्पीकरचा पडदा पुढे ढकलतोय तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढतोय, त्यात मधला आवाज पोकळ होतो आणि जड आवाज मरतो. वायर सुलट केली आणि डग्गा घुमला. सगळे हसले. मीही हसले, आणि मग विचारलं, कुठला दसरा? ते म्हणाले, "तुझी ती टेस्ट झाली त्याच आठवड्यात गं. तुला सांगितलं नाही त्यांनी?" मी नाही म्हटलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला म्हणाले होते, कोणाला बोलू नकोस, धंद्याची वाट लागेल."

वायर चुकली, ते मी सोडून दिलं. हात कोणाचाही चुकतो. पण तुम्हाला शनिवारी कळलं होतं, बाबा, आणि प्रकाशकांचा फोन सोमवारी आला. मध्ये अख्खा रविवार होता. टेपवर आवाज नीट होता, बिघडली होती ती ऐकवणारी वायर. प्रकाशकांना परत बोलवून टेप पुन्हा लावायची, एवढंच करायचं होतं. तेवढं केलं असतंत तर लोक म्हणाले असते, यांचे स्पीकरपण चुकतात. ते तुम्हाला चाललं नसतं. मुलीच्या आवाजात वजन नाही, हे चाललं.

महिनाभर मी त्या स्पीकरवर रोज काहीतरी ऐकते. बातम्या, भजनं, शेजारच्या मुलीने आणून दिलेली गाणी. तिच्याकडे तळहातावर मावेल एवढा एक स्पीकर आहे, त्यावर सगळंच छान वाटतं. तुमच्या खोक्यांवर गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, बातम्या देणारी पान उलटते ते ऐकू येतं. खोलीच्या किमतीचे होते की नाही ते आईने ठरवलं होतं, मी त्यात पडत नाही. पण चांगले आहेत. लिहायला आवडत नाही, तरी आहेत. त्यांच्या नावावर जे खपलं ते त्यांनी केलेलं नव्हतं. तबलजींना आपला हात माहीत होता म्हणून ते भांडले. मला माझा आवाज माहीत होता, आणि मी कॅसेट साड्यांखाली ठेवली.

ती कॅसेट इथे टेबलावर आहे. शेजारच्यांकडून डेक मागून आणला, त्याला आठवडा झाला. परवा त्यांनी विचारलं, झालं का काम. मी म्हटलं, राहू दे अजून थोडे दिवस. वायर सुलट आहे, मी पुन्हा एकदा पाहिली. तरी अजून लावलेली नाही. तुमचंच म्हणणं खरं निघालं तर, याची मला भीती वाटते.